‘गॉड सेव्ह द किंग’चा माग : बुलच्या बाजूने दिलेला निकाल मागे घेतोय

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहून बसलो होतो की ब्रिटिश राष्ट्रगीताची चाल जॉन बुल या सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराची, विषय संपला. मंडळी, विषय संपलेला नाही. दोन आठवडे पेटीवर तेच तेच घासून आता वाटतंय की मी घाई केली.

आधी माझी चूक कशी झाली ते सांगतो. सुरुवातीची ओळ सरगमात उतरवली : सा सा रे, ऩी सा रे, ग ग म, ग रे सा, रे सा ऩी, सा. तीन-तीन मात्रांचे सहा बार, म्हणजे खंड. त्यापुढे ‘प प प’ने सुरू होणारा दुसरा भाग, तो आठ बारांचा. दादरा धरून मोजलं तर पहिल्या भागाची तीन आवर्तनं आणि दुसऱ्याची चार. समारंभात उभं राहून म्हणायच्या गाण्याला ही लंगडी मापं कुठून आली, असं वाटतं. पण गॅलिअर्ड या जुन्या दरबारी नाचाची लय लावली की चाल एकदम सुटी होते. लय जरा वाढवून वाजवून बघा, तिचं गांभीर्य गळून पडतं.

बुलच्या नावावरचा १६१९चा कळवाद्याचा तुकडा असाच गॅलिअर्डच्या चालीचा, सहा अधिक आठ. हे जुळलं आणि मी उडी मारली. बुलने १६१३ मध्येच इंग्लंड सोडलं होतं, पुढे तो अँटवर्पला गेला आणि तिथेच १६२८ मध्ये वारला, हे तेव्हा मला गोड योगायोगासारखं वाटलं होतं. आता प्रश्न पडतो की परदेशातल्या वहीतली चाल सव्वाशे वर्षांनी लंडनच्या तोंडी आली कशी? त्यात बुलचा दावा मांडणारा माणूस रिचर्ड क्लार्क. त्याने १८२२ मध्ये राष्ट्रगीताच्या जन्मावर पुस्तक काढलं, आणि त्या हस्तलिखितातली स्वरांची कोमल-तीव्र चिन्हं त्याने स्वतःच बदलली असावीत, असा संशय नंतर घेतला गेला. म्हणून मी एक साधा प्रयोग केला : आपली सरगम तीच ठेवून गंधार कोमल केला. माप तेच, स्वर जवळपास तेच, पण कुणी ओळखणार नाही! साम्य ठरवताना मी नुसते बार मोजत होतो, स्वर बघतच नव्हतो. १६११च्या ‘मेलिस्माटा’ संग्रहातलं ‘रिमेंबर ओ दाऊ मॅन’ हे गीतही काही जण पूर्वज म्हणून पुढे करतात. तेही वाजवलं. नातं असेल तर फार लांबचं.

मग वहीत वेगळा रकाना आखला : साक्षीदार कोण आणि त्याला काय हवं होतं. हा रकाना मजेदार निघाला. हेन्री केरी या इंग्रज कवी-संगीतकाराने १७४० मध्ये पोर्टोबेलोच्या (स्पेनवरच्या ब्रिटिश आरमारी) विजयानिमित्त हे गीत एका मेजवानीत गायलं, अशी कथा आहे. बापाच्या नावाने हक्क सांगणारा मुलगा म्हणजे जॉर्ज सॅव्हिल केरी, आणि त्याला राजाकडून पेन्शन हवं होतं. केरी १७४३ मध्ये गेला, आणि मुलाचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे साक्ष ऐकीव. फ्रेंच कथा तर आणखी रंगीत : १६८६ मध्ये चौदाव्या लुईवर भगंदराची शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला म्हणून सँ-सीरच्या शाळेतल्या मुलींसाठी मादाम द ब्रिनाँने शब्द लिहिले, दरबारी संगीतकार लुलीने चाल बांधली, आणि संगीतकार हँडेलने ती उचलून इंग्लंडला नेली. ही कथा येते मार्कीज द क्रेकीच्या आठवणींतून, आणि त्या ‘आठवणी’ १८३० च्या दशकात कुणीतरी रचलेल्या बनावट आहेत. रकान्यात फुली.

पाय टेकायला घट्ट जमीन लागते ती १७४४ मध्ये, ‘थिसॉरस म्युझिकस’ या गीतसंग्रहात शब्द आणि चाल छापली गेली तेव्हा. पुढच्याच वर्षी जॅकोबाइट बंडखोरांनी, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांनी, २१ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टनपॅन्सला सरकारी फौजेला धूळ चारली, आणि २८ तारखेला ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात खेळ संपल्यावर संगीतकार थॉमस आर्नच्या मांडणीत हे गीत गायलं गेलं. ऑक्टोबरात ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते छापलं. लोकप्रियतेचं कोडं इथे सुटतं. राज्य हलल्यासारखं वाटत होतं आणि लोकांना एकत्र म्हणायला काहीतरी हवं होतं.

पण याच टप्प्यावर एक काटा रुतून बसलाय. १७४४च्या छापील शब्दांत राजाचं नाव नाही, नुसतं ‘आमचा स्वामी राजा’ आहे. ‘थोर जॉर्ज’ हे तेव्हाच्या राजाचं नाव घेणारे शब्द १७४५ मध्ये येतात. आणि ‘त्याला विजयी करून पाठव’ ही मागणी बघा : जो लंडनमध्येच बसलाय त्याला कुठून पाठवायचं? समुद्रापार असलेल्या स्टुअर्ट राजासाठी मात्र ती चपखल बसते. जॅकोबाइटांच्या ‘आमेन’ पेल्यांवर (काचेच्या, शेवटी ‘आमेन’ कोरलेल्या) याच गीताची कडवी त्या स्टुअर्ट दावेदार जेम्ससाठी कोरलेली सापडतात. शिवाय, कर्ता कोण हे ठाऊक नाही, पण पदच्युत झालेला स्टुअर्ट राजा दुसरा जेम्स याच्या कॅथलिक चॅपलसाठी ते रचलं गेलं अशी समजूत आहे, असं खुद्द आर्नने सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे जॅकोबाइटांना हरवण्यासाठी गायलेलं गीत कदाचित त्यांच्याच घरातलं. मला हा पर्याय सगळ्यांत आवडतो, आणि म्हणूनच त्याच्यावर जास्त संशय घ्यायला हवा, नाही तर बुलसारखी गत व्हायची.

सध्या वहीत मी कर्त्याच्या जागी रेघ मारून ठेवलीय. चाल एका दमात कुणी बांधली नसावी, तोंडोतोंडी घासत घासत तिला हे रूप आलं असावं, असं माझं मत बनत चाललंय.

पुढचं काम : १७४४ आणि १७४५ चे छापील पाठ शेजारी शेजारी ठेवून चाल उतरवायची, कुठला स्वर कुठे सरकला ते बघायचं. शेवटच्या ओळीतला धैवत मला आत्ताच खटकतोय. चालीचा तो सगळ्यांत वरचा स्वर एकदाच येतो. तो पहिल्यापासून होता की नंतर चढला, हे आधी तपासतो.