दुखऱ्या डिस्कची प्रत काढताना

वडिलांच्या दुकानाचे सगळे हिशेब ज्या लिनक्स संगणकावर आहेत, त्यातली ५०० जीबीची जुनी डिस्क अधूनमधून टकटक आवाज करू लागली होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे भाग) या ओळीपुढे ५६ हा आकडा दिसताच मी संगणक बंद केला आणि पेनड्राइव्हवरून सुरू केला, म्हणजे त्या डिस्कवर नव्याने काहीच लिहिले जाणार नव्हते.

सवयीने हात डीडी या डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या आज्ञेकडे वळला होता, पण ती वाचनातली पहिलीच चूक आली की थांबते आणि तसे न थांबण्याचा पर्याय दिला तरी कोणता भाग राहिला याची नोंद ठेवत नाही. बिघडलेल्या डिस्कसाठीच बनवलेली डीडीरेस्क्यू मात्र सुस्थितीतला भाग आधी उचलते, अडलेला भाग शेवटी घेते आणि प्रत्येक तुकड्याची स्थिती मॅपफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहीत जाते. म्हणून तीच वापरली आणि दिलेली आज्ञा एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर उतरवून ठेवली.

रात्री वीज गेली. मॅपफाइल बाहेरच्या डिस्कवर होती, त्यामुळे सकाळी काम थांबले होते तिथूनच पुढे नेता येणार होते. पावतीवरची आज्ञा अक्षरशः टंकली. एंटर दाबायच्या आधी जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही आज्ञा सहज चालवून पाहिली, तर काल एसडीए (लिनक्स डिस्कला देते ते छोटे नाव) असलेली दुखरी डिस्क आज एसडीबी झाली होती आणि एसडीए हे नाव बाहेरच्या डिस्कला मिळाले होते. एंटर दाबले असते तर निम्म्या तयार झालेल्या प्रतीत दुसऱ्याच डिस्कचा मजकूर मिसळला असता, आणि मॅपफाइलीने तो बिनतक्रार ‘वाचून झाला’ असा नोंदवला असता. त्यानंतर मी उपकरणाचे छोटे नाव वापरणे सोडले. बाय-आयडी या निर्देशिकेतले, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेले लांबलचक नावच प्रत्येक वेळी दिले.

तीन जादा फेऱ्यांनंतरही १२ केबी भाग वाचता आला नाही. मॅपफाइलीतल्या स्थानातून विभाजनाची (डिस्कच्या त्या हिश्श्याची) सुरुवात बाइटमध्ये वजा करून ४,०९६ ने, म्हणजे एका ब्लॉकच्या बाइटनी, भागले की ब्लॉकचा क्रमांक मिळतो. कोणता ब्लॉक कोणत्या फाइलीचा हे शोधून देणाऱ्या डीबगएफएसला तो दिल्यावर कळले, की गेलेला भाग इंटरनेटवरून उतरवलेल्या, म्हणजे पुन्हा मिळवता येणाऱ्या, एका सॉफ्टवेअर पॅकेजच्या फाइलीतला होता. हे कळल्यावर मी चहा प्यायलो.

नव्या १ टीबीच्या एसएसडीवर प्रत उतरवताना वेळ लागला, त्रास झाला नाही. जीपीटी, म्हणजे डिस्कवर कोणते विभाजन कुठे आहे याचा तक्ता, त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, ती आता मधोमध पडली होती. एसजीडिस्क या आज्ञेने ती टोकाला हलवली, विभाजन वाढवले, आधी फाइलींची मांडणी तपासणारे ई२एफएससीके आणि मग ती मांडणी नव्या जागेइतकी वाढवणारे रिसाइझ२एफएस चालवले. दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (संगणक ज्यावरून विभाजन ओळखतो तो क्रमांक) एकच असल्याने जुनी डिस्क काढूनच संगणक सुरू केला. वडिलांनी सर्वांत आधी उधारीची यादी उघडली. कोणाचीही उधारी माफ झालेली नव्हती.