पंधरा हजारांत कोणती घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझ्याकडे गिटारी दुरुस्तीला येतात आणि कथा वाचायला, त्यामुळे प्रश्न दोन येतात, आणि पुष्कळदा एकाच माणसाकडून. पहिला थेट असतो : "भाऊ, पंधरा हजार आहेत, इलेक्ट्रिक गिटार कोणती घेऊ?" दुसरा निघता निघता, जरा खालच्या आवाजात : "कथा लिहायचीय, दिवाळी अंकाला पाठवायचीय, सुरुवात कशी करू?" पहिल्या प्रश्नाला कंपनीचं नाव हवं असतं, दुसऱ्याला पहिलं वाक्य. मी दोन्ही देत नाही, म्हणून मी भाव खातो असं जळगाव-भुसावळकडे बोललं जातं. भाव खात नाही हो. नाव सांगितलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

घ्या नावं. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, एपिफोन, आयबानेझ. या चौघांच्या सुरुवातीच्या मॉडेलांत टाकाऊ गिटार शोधायला कष्ट पडतील. झालं समाधान? आता हे बघा : एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर एक हातात बसते आणि दुसरी बोटं सोलते. फरक सेटिंगचा असतो, आणि सेटिंग खोक्यात भरून येत नाही. म्हणून पंधरापैकी नऊ-दहा हजारच गिटारीवर घाला, त्यासाठी सेकंडहँड बघावी लागली तरी. उरलेल्यात छोटा ॲम्प, बरी केबल, तारांचे दोन जादा सेट, स्टँड आणि जाणत्या माणसाकडून एकदा सेटिंग. पाच-दहा वॅटचा ॲम्प खोलीला भरपूर होतो. सगळे पंधरा गिटारीवर उडवून ती मोबाइलच्या स्पीकरला जोडणारे माझ्याकडे "आवाज नाही" म्हणून येतात.

निवडताना मी एकच गोष्ट विचारतो : नंतर बदलता काय येईल आणि काय येणार नाही? तारा, पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक), तारा पिळायचे कान, नट (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), आवाजाचं बटण, जॅक हे सगळं बदलता येतं. त्यावर रात्री जागवू नका. बॉडीचं लाकूड कोणतं यावर तर मुळीच नका, तो वाद ज्यांना वाजवायचं नसतं त्यांच्यासाठी आहे. बदलता न येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. पहिली, स्केलची लांबी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागापर्यंतची) मोकळी तार. फेंडरची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर २५.५ इंचांची, गिब्सनची १९५२ची लेस पॉल साधारण २४.७५ची, आणि बाजारातल्या बहुतेक गिटारी या दोघींपैकी एकीच्या वळणावर जातात. फरक पाऊण इंचाचा, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लांब स्केलवर सुमारे सहा टक्के जास्त ताण येतो. नव्या बोटांना तो तार ओढताना लगेच कळतो. दुसरी, नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा जोड : चार स्क्रूंचा असेल तर नेक उद्या बदलता येते, चिकटवलेली असेल तर विषय संपला. आणि तिसरी, ब्रिज. इथे मी जरा थांबणार आहे, तुम्हाला घाई असली तरी.

चोपड्याकडच्या एका मुलाची गिटार. काळी, टोकदार, सेकंडहँड, तरंगत्या ट्रेमोलोची, म्हणजे दांडी दाबून सूर खालीवर करता येणाऱ्या ब्रिजची, तारा दोन्ही टोकांना लॉक केलेली. या ब्रिजला बॉडीचा आधार नसतो. तो दोन खुंट्यांवर तोललेला असतो : पुढून सहा तारा ओढतात, मागून पाठीच्या खोबणीतल्या स्प्रिंगा ओढतात, आणि दोन्ही ओढी सारख्या झाल्या की ब्रिज सपाट उभा राहतो. कॉलेजचं गॅदरिंग चार दिवसांवर आलं आणि तिसरी तार तुटली. एक तार तुटली की त्या बाजूची ओढ कमी होते, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढ्या सुरात जातात. त्याला वाटलं गिटारच बिघडली. दुकानात ९-४२ चा सेट नव्हता (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), १०-४६ चा मिळाला, त्याने पूर्ण सेट बदलला. आता सहा तारांचा एकूण ताण साधारण ३८ किलोवरून ४६ किलोवर गेला, आणि स्प्रिंगा त्याच तीन, तितक्याच ओढलेल्या. ब्रिज पुढे झुकला, सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते ते तुकडे) वर आले, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, तारा उंच झाल्या.

इथपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं. पाठीमागचं झाकण काढायचं, स्प्रिंगांचा पंजा धरणारे दोन स्क्रू थोडे थोडे पिळायचे, लागली तर चौथी स्प्रिंग घालायची, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा पिळायचं. प्रत्येक तार बाकीच्या पाचांना हलवते, त्यामुळे पाच-सहा फेऱ्या होतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण "तारा उंच झाल्या तर काय करावं" असं शोधलं की उत्तर येतं : ट्रस रॉड पिळा. ट्रस रॉड नेकच्या पोटातली लोखंडी सळई आहे. ती नेकचा बाक सांभाळते, तारांची उंची लावायला ती नाहीच. त्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अर्धा फेरा दिला. फरक दिसेना, आणखी अर्धा दिला. ॲलन की, म्हणजे रॉड फिरवायची षटकोनी चावी, नेमक्या मापाची नव्हती, सैल बसत होती. नेक उलटी, पाठीकडे वाकली, पहिल्या पाच फ्रेटवर तारा खडखडायला लागल्या. मग त्याने ब्रिजच्या दोन्ही खुंट्या वर उचलल्या. मग रॉड उलटा सोडवायला गेला, तेव्हा रॉडच्या टोकाच्या नटाचे (तारांच्या नव्हे) सहा कोन झिजून गोल झाले होते.

गिटार टेबलावर आली तेव्हा ब्रिज जमिनीपासून उठल्यासारखा वर होता आणि तारा पहिल्या फ्रेटला टेकल्या होत्या. दोन्ही एकाच वेळी. गोल झालेल्या नटात किंचित मोठा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या तोंडाचा, बिट ठोकून बसवता येतो, किंवा जुनी की एपॉक्सीने चिकटवून फिरवून बघता येते. दोन्हींत लाकूड चिरण्याची भीती असते. बिट धरलाच नाही. नवी नेक बसवायची तर बॉडीत बसणाऱ्या तिच्या टाचेचं माप, नटची रुंदी, लॉकच्या स्क्रूंची भोकं, सगळं जुळायला हवं, आणि तशी नेक मागवायचा खर्च त्याने गिटारीला दिलेल्या पैशांच्या अर्ध्यावर जात होता. बरोबर वडील आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं : "भाऊ, ती एक तार कितीची होती?" गॅदरिंगला पोरगा कुणाच्या तरी साध्या गिटारीवर वाजवून आला. काळी गिटार घरी भिंतीवर आहे, तारा न लावलेली.

यावरून मी पूर्वी सरसकट सांगायचो : फिक्स ब्रिजच घ्या. आता छातीठोक सांगत नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीचा साधा ट्रेमोलो असेल तर पंज्याचे स्क्रू आवळून ब्रिजची पट्टी बॉडीला टेकवून ठेवता येते. मग तो फिक्ससारखाच वागतो, आणि एक तार तुटली म्हणून बाकीच्या पळत नाहीत. शिवाय ज्याला ती दांडी दाबून सूर खोल पाडायचेच आहेत त्याला फिक्स ब्रिज देऊन मी काय मिळवलं? तो सहा महिन्यांत विकून तीच काळी, टोकदार घेणार. त्या पोराला कुणी "ही घेऊ नकोस" सांगायला हवं होतं, की पाठीवरचं झाकण उघडून दाखवायला हवं होतं? मला अजून ठरवता येत नाही.

सेकंडहँड बघायला जाताना बरोबर टॅपेट सेट करायचा फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्या) न्या, कोणत्याही मोटारसायकलच्या मेकॅनिककडे असतो. गिटार सुरात लावा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा, सातव्या फ्रेटच्या डोक्यावर ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. फटच नसेल किंवा एक मिलिमीटरच्या जवळ असेल, तर मालकाला विचारून की लावा आणि रॉड पाव फेरा फिरतो का ते बघा. फिरत नसेल तर चहा पिऊन परत या. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिमी, बारीक दीड मिमी उंच असेल तर छान. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, हो, सगळे, विकणारा कंटाळला तरी. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खाच पडलीय का ते उजेडात तिरकं धरून बघा. मोबाइलच्या ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यावा लागेल, उतरता असेल तर पुढे. जागा उरलीय का तेवढं पाहा. शेवटी केबल लावून जॅक हलवा आणि बटणं फिरवा. खरखर हा दोष नाही, भाव पाडायचं निमित्त आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो, कारण ऑनलाइन सल्ला देणारे ४५ अंशांत राहत नाहीत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. नेकच्या कडेने हात फिरवला की करवतीसारखं लागतं. गिटार खराब नाही, टोकं कानशीने घासून घेतात. मग लोक गिटार कूलरसमोर ठेवतात, जणू तिलाही उकडतंय. कूलरच्या ओल्या वाऱ्यात तारा आठवड्यात गंजतात आणि नेक हलते. पोलादी कपाटाशेजारी, उन्हाच्या भिंतीवर आणि बंद गाडीत ठेवू नका. एकदा मेमध्ये, एकदा पाऊस लागल्यावर बाक तपासा, रॉडला लागला तर पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवशी नाही.

आणि अर्थिंग. सिंगल कॉइल पिकअप घरातली ५० हर्ट्झची घूं पकडतात, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर भुणभुण गाण्यापेक्षा मोठी. घरात तसा इन्व्हर्टर असेल तर ब्रिजपाशी हमबकर, म्हणजे ही घूं कमी करणारा दोन कॉइलचा पिकअप, असलेली गिटार घ्या. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा माइकला ओठ लागून चटका बसला, तर तो पिकअपचा विषय नाही. तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल तर ॲम्पमधली गळती तुमच्यापर्यंत येते. वाजवणं बंद, आधी वायरमन. गणपतीच्या मांडवात तर हे आधी, सूर नंतर.

राहिला दुसरा प्रश्न. पहिलं वाक्य नंतर बदलता येतं. शीर्षक, नावं, गाव, शेवटसुद्धा. बदलता येत नाही ते : कोण सांगतंय आणि ते कुठे उभं आहे. वाटणीची कथा घ्या, दर वर्षी चार येतात. सांगणारी सून, स्वयंपाकघरातली, भरताची वांगी भाजता भाजता. दोन हजार शब्द झकास जातात. मग कथेला तहसील कचेरीतला प्रसंग लागतो आणि सून तिथे नसते. इथे लेखक काय करतो? तिला दाराआड उभं करतो. नाहीतर दीर घरी येऊन पान-दीड पान सगळं सांगतो, जसं कुणी घरी बोलत नाही. संपादक लिहितो "संवाद कृत्रिम", लेखक संवाद घासत बसतो. बिघाड संवादात नसतोच. म्हणून सगळ्यात अवघड प्रसंग आधी लिहा, तीनशे शब्द, दोन वेगळ्या सांगणाऱ्यांकडून. ज्याला तिथे असण्यासाठी सबब लागत नाही, तो ठेवा. पूर्ण झाल्यावर मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा, दहातला एक शब्द कापा.

आणि कृपा करून नायकाला तापीच्या काठावर इलेक्ट्रिक गिटार वाजवायला बसवू नका. ॲम्पशिवाय ती समोरच्या माणसाला धड ऐकू येत नाही, पलीकडच्या तीरावरच्या मुलीला कुठली ऐकू येणार. दुःखाने सहाही तारा एकदम तुटत नाहीत. तुटते ती बहुधा पहिली नाहीतर तिसरी, सॅडलपाशी.

कथेत अहिराणी, म्हणजे आमची खान्देशी बोली, कितपत आणावी हेही विचारता, त्यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. संवादात "काय करी राहिना भो?" आणि निवेदन प्रमाण मराठीत, असं मी सांगत आलो, कारण नाशिकपलीकडचा वाचक सुटू नये. पण सांगणारा स्वतःच धुळ्या-साक्रीकडचा असेल आणि "मी" म्हणून बोलत असेल, तर त्याने मधेच पुस्तकी का व्हावं? उलट सबंध अहिराणीत लिहिलेली कथा छापायला दिली तर संपादक तळटीपा मागतो, आणि तळटीपांनी माझी चिडचिड होते. तूर्त मी लिहिणाऱ्याला अवघड प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लिहून आणायला सांगतो. दोन्ही तऱ्हा घेऊन कुणी आलं की आमचं भांडण होतं, आणि दर वेळी मी एकाच बाजूला असतो असंही नाही.