दूध दिल्यानंतरचा तास

आज आमच्या कमी वजनाच्या नवजात बाळांच्या वॉर्डात नवीन शिकाऊ नर्स मुली आल्या. दूध थेट जठरात पोचवणारी ट्यूब छान घालतात. नाकापासून कानापर्यंत, तिथून पोटापर्यंत माप घेतात, सिरींजचा दट्ट्या काढून दूध आपोआप उतरू देतात, घाई करत नाहीत. फक्त दूध संपलं की लगेच पुढच्या वॉर्मरकडे, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्याकडे, वळतात. मला वाटतं, त्यापुढचा तास निम्मं काम करतो.

दीड किलोच्या आतलं बाळ. त्याच्या जठराची वरची झडप सैल, आतडी मंद. मग कूस कोणती हे बघावंच लागतं. जठरातून आतड्याकडे जाणारी वाट उजव्या बाजूला असते, म्हणून उजव्या कुशीवर दूध लवकर पुढे सरकतं. पण त्याच कुशीवर वरची झडप दुधाखाली जाते आणि दूध वर येण्याचा संभव वाढतो. डाव्या कुशीवर बरोबर उलटं. आम्ही साधारण पहिला तास उजवी कूस देतो, मग डावी. पाठीशी दुपट्याची गुंडाळी, हनुवटी छातीला टेकलेली नको. आणि खालचा कान! तो कागदासारखा दुमडून राहतो, बाळ तक्रारही करत नाही. हात घालून सरळ करावा लागतो. हे मी त्या मुलींना दोनदा दाखवलं.

पालथं ठेवलं तरी पोट लवकर रिकामं होतं, ऑक्सिजनही बरा राहतो. पण ते इथंच. १,३२० ग्रॅमच्या बाळाच्या आईनं आज नेमकं तेच विचारलं.

"सिस्टर, इथं तुम्ही पालथं झोपवता, मग घरी पाठीवर का म्हणता?"

"इथं त्याच्या पायाला वायर आहे, गं. श्वास अडला तर मशीन ओरडतं आणि आम्ही धावतो. घरी तुझा डोळा लागलेला असेल."

तिला पटलं. आजींना मात्र डोकं गोल व्हायला मोहरीची उशी हवी होती. तीही नको म्हणून सांगितलं, आणि का नको तेही बसून सांगितलं. घरी जाताना कागदावर लिहून देणं पुरत नाही, आजींशी बोलायलाच हवं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती आईच्या छातीवरची जागा. बाळाला असं आईच्या छातीला लावून धरायची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून. बाळ उभं धरलेलं असतं, ऊब मिळते, दूधही खालीच राहतं. ट्यूब चालू असतानाही आई त्याला धरू शकते, हे अजून कितीतरी आयांना कोणी सांगितलेलंच नसतं.

उद्या फीडच्या चार्टवर वेळ आणि मिलीच्या शेजारी एक रकाना आखून घेणार आहे: उजवी, डावी, पालथं, छातीवर. रात्रपाळीच्या सिस्टरला बघताक्षणी कळायला हवं, बाळाला आता वळवायचंय की नुकतंच वळवलंय.