बॅडेकचे फोटो आणि परवानगीचा फॉर्म : माझा अनुभव

जुना फोटो छापायला परवानगी मागणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. कॉपीराइट संपला म्हणजे परवानगी लागत नाही, असं नसतं. आणि परवानगीचा फॉर्म समोर आला म्हणजे कॉपीराइट शिल्लक आहे, असंही नसतं. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर माझा अर्धा उन्हाळा वाचला असता. अजून त्या फॉर्मची आठवण झाली की डोकं तापतं.

काम तसं साधं होतं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मला बॅडेकवर लिहायचं होतं. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरचं हे लहानसं गाव, हॅलिफॅक्सहून गाडीने साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. समोर ब्रा डोर सरोवर. नावाला सरोवर, पण पाणी खारं, समुद्राला जोडलेलं. गावाची वस्ती हजाराच्या आत, आणि एवढ्याशा गावाशी नाती जुळलेली माणसं बघा. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल १८८५ साली इथे पहिल्यांदा आले आणि इथलेच होऊन गेले. सरोवराकाठच्या टेकडीवर त्यांनी बेन व्रिया नावाचं घर बांधलं, २ ऑगस्ट १९२२ला तिथेच गेले आणि त्याच टेकडीवर त्यांना पुरलं. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते. त्यांचे जावई गिल्बर्ट ग्रोव्हनर, ‘नॅशनल जिओग्राफिक’ घडवणारे संपादक, १९६६ साली बॅडेकलाच वारले.

पण मला बेलसाहेबांपेक्षा बाकीच्यांबद्दल जास्त लिहायचं होतं. जॉन मॅककर्डी तर गावातच जन्मलेला. २३ फेब्रुवारी १९०९ला त्याने गोठलेल्या बॅडेक खाडीवरून ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान उडवलं. कॅनडातलं इंजिनाच्या विमानाचं हे पहिलं उड्डाण. हाच मुलगा पुढे नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्याचे वडील आर्थर मॅककर्डी बेल यांचे चिटणीस. फिल्म अंधाऱ्या खोलीशिवाय धुता यावी म्हणून त्यांनी एक छोटी टाकी शोधून काढली आणि तिचे हक्क ईस्टमन कोडॅकने घेतले. केसी बाल्डविन टोरंटोचा, पण बॅडेकला येऊन राहिला. ९ सप्टेंबर १९१९ला ‘एचडी-४’ ही वेगात पाण्याच्या वर उचलली जाऊन धावणारी बोट त्याने ताशी ७०.८६ मैल वेगाने पळवली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

आणि मेबल. बेल यांची बायको एवढीच तिची ओळख करून देतात, याचा मला मनापासून राग आहे. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली. १९०७ साली विमानाच्या प्रयोगांसाठी बेल, मॅककर्डी, बाल्डविन, ग्लेन कर्टिस आणि थॉमस सेल्फ्रिज अशा पाच जणांची संघटना झाली, ती मेबलच्या कल्पनेतून आणि मेबलच्या पैशांवर. स्वतःच्या नावावरची मालमत्ता विकून तिने पैसा उभा केला. गावातल्या बायकांसाठी १८९१ साली क्लब काढला, पालकांना शाळेच्या कारभाराशी जोडलं. अंकात तिचा फोटो मोठा यावा, हा माझा हट्ट होता.

संपादक म्हणाले, “ताई, गुगलवरून घ्या की. आपला अंक कोण बघतंय?” मी नाही म्हणाले. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या उड्डाणाचा एक फोटो नाही की त्या वेळचा पक्का पुरावा नाही, म्हणून तो वाद कधी मिटत नाही. बॅडेकच्या लोकांनी प्रत्येक प्रयोगाचे फोटो काढले, तारखा लिहिल्या, जपून ठेवले. ती मेहनत उचलून न विचारता छापायची, हे मला पटलं नाही.

बहुतेक फोटो विनात्रास मिळाले. बेल घराण्याचा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यातलं बरंच काही घरबसल्या उतरवून घेता येतं. तिथे प्रत्येक फोटोखाली हक्कांबद्दलची ओळ असते, ती प्रत्येक वेळी वाचा. एका फोटोला लागू म्हणून शेजारच्याला लागू, असं धरू नका.

अडकला तो मला हवा होता तोच, मेबलचा फोटो. तो दुसऱ्या एका संस्थेकडे होता. त्यांचा फॉर्म उघडला आणि पहिल्याच चौकटीत खुंटले. प्रकाशनाचा प्रकार : पुस्तक, मासिक, जाहिरात, प्रदर्शन. दिवाळी अंक कशात बसवायचा? वर्षातून एकदा निघतो, विकत देत नाही, सभासदांना वाटतो. ‘मासिक’ निवडलं तर पुढे वर्षाला किती अंक, वर्गणी किती. मग वितरणाचा प्रदेश. आमचा अंक छापतो पुण्यात, वाटतो इथे, आणि पीडीएफ जाते जिथे जिथे नातेवाईक आहेत तिथे. छापील आणि डिजिटलचे दर वेगळे, एका देशाचे आणि जगभराचे वेगळे. फोटो पाव पान की पूर्ण पान, आत की मुखपृष्ठावर, त्याचे आणखी वेगळे.

फॉर्म पाठवला. ‘आपला अर्ज मिळाला’ असं आपोआप येणारं उत्तर आलं आणि मग काही नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. अखेर एका माणसाचं पत्र आलं, तर मागणी अशी : प्रकाशकाच्या लेटरहेडवर पत्र द्या. दिलं. मग म्हणे, फोटोभोवतीचा मजकूर इंग्रजीत भाषांतर करून पाठवा, फोटो कशासाठी वापरताय ते आम्हाला कळलं पाहिजे. तेही केलं, आणि ते मागणं मला गैर वाटलं नाही. पण तीच माहिती फॉर्मवर मागितली असती तर पहिल्या दिवशीच दिली नसती का? एकेक कागद सुटा मागायचा आणि प्रत्येक वेळी अर्ज रांगेच्या शेवटी टाकायचा, हा जाच आहे. मी नोकरी सांभाळून, रात्री बसून हे करत होते.

त्यानंतर आलं ते सगळ्यात संतापजनक. अंकात जाहिराती आहेत, तेव्हा हा व्यावसायिक वापर, दर व्यावसायिक लागेल. आमच्या जाहिराती कुणाच्या? किराणा दुकानवाले, विमा एजंट, डबे करून देणाऱ्या एक काकू. त्या पैशांतून छपाई निघते, कुणाच्या खिशात दमडी जात नाही. आकडा बघून संपादक म्हणाले, तो फोटो सोडा. गणपतीच्या आत मजकूर पुण्याला जायला हवा होता. मी सोडणार नव्हते.

मग मी लिहिणं थांबवून फोन केला, आणि हीच माझी सगळ्यात मोठी सूचना आहे. फोनवर एकच प्रश्न विचारा : “हे पैसे कॉपीराइटचे की तुमच्या सेवेचे?” कॅनडात १९४९च्या आधी काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट संपलेला आहे. भारतात छापायचं तर तिथला हिशोब वेगळा, साधारणपणे फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तोही बघून ठेवा. फोनवरच्या बाईंनी सरळ सांगितलं की कॉपीराइट नाही, पैसे स्कॅन करून देण्याचे आणि संस्थेच्या अटींचे. मग दुसरा प्रश्न : ना-नफा संस्थेला वेगळा दर आहे का? होता. मंडळाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवलं आणि त्याच आठवड्यात परवानगी आली, परवडेल अशा रकमेत. फॉर्मवर ना-नफा संस्थेचा कुठे उल्लेखसुद्धा नव्हता! फोनवर कबूल झालेलं त्याच दिवशी ईमेलने लिहून घ्या, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

श्रेयाची ओळ हाही एक तिढा होता. आम्ही देऊ तश्शीच छापा, अक्षर बदलायचं नाही, अशी अट. आमचं पान देवनागरी. मी विचारलं, संस्थेचं नाव देवनागरीत लिहून फोटोचा क्रमांक जसाच्या तसा ठेवला तर चालेल का? चालेल म्हणाले. हे आधी विचारा, पान लागल्यावर नको.

शोधाबद्दल सांगायचं राहिलं. मेबलचं नाव टाकून शोधलं तर थोडंच सापडतं, कारण जुन्या नोंदींत ती ‘मिसेस अलेक्झांडर ग्रॅहम बेल’ आहे. तसं शोधा, माहेरचं हबर्ड आडनाव टाकून शोधा, आणि बेन व्रिया या घराच्या नावानेही शोधा. गावातल्या इतर बायकांचे फोटो मला त्या तिसऱ्या वाटेनेच सापडले. फाइल मागताना ३०० डीपीआयची टिफ, म्हणजे छपाईला पुरेल अशी मोठी फाइल, मागा. नुसता ‘फोटो’ म्हटलं की पडद्यापुरती जेपीजी येते आणि छापखाना ती परत पाठवतो.

बॅडेकला बेल यांचं राष्ट्रीय स्मारक आहे, पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था ते चालवते. तिथे एचडी-४ बोटीचा मूळ सांगाडा समोर उभं राहून बघता येतो. जमलं तर लेख लिहायच्या आधी जा. मी गेले होते, आणि त्या सांगाड्याची लांबी बघितल्यावर बाल्डविनवरचा परिच्छेद पुन्हा लिहिला.

मेबलला अंकात पूर्ण पान मिळालं, बेलसाहेबांना अर्धं. याचा मला अभिमान आहे. परवानगीच्या कागदात बहुतेक वेळा छापील प्रत संस्थेला पाठवायची अट असते, तेव्हा छापखान्याला प्रतींचा आकडा सांगताना तीही धरा. आमच्या प्रती हातोहात संपल्या, पण संस्थेची मी आधीच बाजूला काढली होती.