आमची वाटचाल : ट्रंकेतल्या कापडाची वाकळ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दुकान सुरू झालं ते ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं. वाकळ, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवलेली गोधडी, हा नंतरचा जोडधंदा, आणि आता तोच मुख्य झालाय. आमच्याकडच्या वाकळा बहुतेक भेटीसाठी असतात. आत्याच्या कापडातून भाचीच्या लग्नाला, आजीच्या लुगड्यांतून पणतूच्या बारशाला. कापड गिऱ्हाईकाच्या घरचं, त्यामुळे चांगला माल बघून घ्यायची सोय नाही. काय वापरायचं आणि काय हात जोडून परत करायचं हे शिकण्यातच या धंद्याची सगळी वर्षं गेली.

कोल्हापूरकडच्या बायकांच्या ट्रंकेत साड्यांपेक्षा जास्त निघतात ते ओटीचे ब्लाऊजपीस. हळदीकुंकू, बारसं, वास्तुशांत, सगळीकडून आलेले, घडीसुद्धा न मोडलेले. दिसायला छान, पण त्यातले बरेच टेरिकॉट (सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं) किंवा पॉलिस्टर. सुती म्हणून दिलेला पीस सुती असेलच असं नाही, म्हणून काठाचे चार धागे काढून काडी लावून बघायची. सुताची कागदासारखी राख होते आणि ती बोटानं चुरगळते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये राख आणि मणी दोन्ही सापडतात, आणि फसायला होतं ते इथंच.

सुती आणि पॉलिस्टर एकत्र शिवले तर काय होतं? सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, पॉलिस्टर आटत नाही. सात फुटांच्या वाकळेत म्हणजे अडीच ते चार इंचांचा फरक. शिवताना सपाट असलेली वाकळ पहिल्या धुण्यानंतर जागोजाग फुगते, आणि त्यावर उपाय उसवणं एवढाच. म्हणून सगळं सुती कापड आधी धुऊन, आटवून, वाळवूनच कात्रीखाली घ्यायचं. धुण्यानं जुनी खळही निघते. खळ राहिली की कसर लागते. डांबरगोळ्यांचा वास मात्र एका धुण्यात जात नाही, त्याला सावलीत दोन-तीन दिवस वारा द्यावा लागतो.

रंगाचं दुखणं वेगळं. इरकलीचा लाल पदर हा आमचा जुना वैरी. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळायचं, पदरावर ठेवून वरून इस्त्री दाबायची. फडकं गुलाबी झालं की तो पदर वाकळेत घ्यायचा नाही. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं सगळ्या मावश्या सांगतात. आमचा त्यावर भरवसा नाही. इरकलीत आणखी एक खोच आहे. अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा किंवा आर्ट सिल्कचा, आणि त्याचा ताणा (उभे धागे) वेगळा. तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. कात्री नेमकी त्या जोडावर पडली की धागे सुटत जातात. जोडापासून दोन बोटं सोडून कापायचं.

जुनं लुगडं घ्यायच्या आधी उजेडासमोर धरायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणायचं. चर्र आवाज आला तर ते वरच्या थराला चालत नाही. नऊवारी विरते ती काष्ट्याच्या आणि बसण्याच्या जागी, काठाजवळ सहसा धड असते. साडीला फॉल असेल तर तो उसवावा आणि सुईच्या भोकांची पट्टी शिवणीच्या दाबात (शिवणीच्या आत जाणाऱ्या कापडात) जाईल अशी मांडावी. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली जरीची साडी घडीवरच फाटते. तिचा आम्ही फक्त काठ घेतो, तोही अंगाला लागणार नाही अशा जागी.

हिशेब असा. एका माणसाची वाकळ ५ फूट बाय ७ फूट. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, पन्हा ४५ इंच. तिचे सात फुटांचे तीन तुकडे पडतात, त्यांत आतले दोन थर आरामात बसतात आणि पदराकडचं पावणेदोन मीटर वर उरतं. पाचवारीत मात्र दीडच थर निघतो. वरच्या थराला ६ इंचाचे १४० चौकोन लागतात, आडवे १० आणि उभे १४. पाव इंच दाब धरून कापायचे साडेसहा इंच. एका सुती ब्लाऊजपीसमधून २० चौकोन निघतात, म्हणजे सात पीस पुरतात, पण सातांत वाकळ बुजगावण्यासारखी दिसते. बारा-पंधरा रंग हवेत. अंबाबाईच्या प्रसादाची साडी असेल तर तिचे चौकोन उशाकडे, पायाकडे कधीच नाही. अस्तराला मांजरपाट. १९०४ साली पहिला यंत्रमाग लागलेली इचलकरंजी तासाभरावर आहे, त्यामुळे त्याची ददात नाही.

दाब एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेला तर प्रत्येक शिवणीला दोन सूत कमी होतात. आडव्या नऊ शिवणींत सव्वादोन इंच गेले. ही चूक एका ओळीत होते, दुसरीत होत नाही, आणि मग ओळी एकमेकींना जुळत नाहीत. चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावरच कापावेत. तिरका कापलेला ताणला जातो.

आता धावदोरा. परंपरेनं बायका काठापासून आत फिरत येतात. देखणं होतं, पण कापडाची सगळी ढील मधे गोळा होऊन पोट सुटतं. म्हणून चारही थर फरशीवर पसरून आधी मधून काठाकडे वीतभर अंतरानं कच्चा दोरा घालायचा, मग खुशाल काठापासून फिरा. दोन ओळींत पाऊण इंच. त्या अंतरानं पूर्ण वाकळेला पावणेदोनशे मीटर ओळ भरते, थरांतून जाणारा दोरा धरून दोनशे, आणि दुहेरी दोऱ्यानं चारशे मीटर. दोरा सुती आणि जाड. नायलॉनचा दोरा जुन्या सुताला कापत जातो. सुईत दोन हातांपेक्षा लांब ओवला की गाठी पडतात. मजुरी पूर्वी वाकळेमागं होती तेव्हा ओळी दोन-दोन बोटांवर पडायच्या. आता ती लागलेल्या दोऱ्यावर आहे, बायकांनाही परवडतं आणि टाकेही दाट येतात.

वेळेचं गणित पावसावर आहे. दिवाळीनंतरच्या लग्नसराईला वाकळ हवी तर कापड मृगाच्या आत हातात यायला हवं. धुऊन कडकडीत वाळलेलं कापड पावसाळाभर शिवता येतं. पण जुलैत धुतलेलं इथल्या हवेत चार दिवस ओलसर राहतं आणि थरांत मिटलं की कुबट वास धरतं. तो वास पुढं उन्हातही पूर्ण जात नाही. महापुराच्या पाण्यात बुडालेलं कापड आम्ही घेत नाही. आठवण कितीही असली तरी गाळ धाग्यात बसलेला असतो.

कापड घेताना वजन करतो, उरलेलं वजनानं परत करतो, चिंध्यासुद्धा. वरच्या थरातल्या प्रत्येक कापडाचा एक चौकोन वाकळेच्या पिशवीत वेगळा देतो, पुढं ठिगळ लावायला.