ढिम्म न हलणाऱ्या कुकीज

ओव्हनच्या काचेला जवळजवळ नाक लावून मी उभी होते. आत ट्रेवर बारा गोळे. पाच मिनिटं झाली, आठ झाली, पण एकही गोळा पसरायचं नाव घेईना. ठेवले तसेच, गाल फुगवून बसलेले.

करणी माझीच होती. ओट्स आणि मनुका घातलेल्या कुकीज जरा हलक्या करायच्या, म्हणून अर्धं बटर काढून तिथे सफरचंदाचा शिजवलेला गर घातला होता. कागदावर हिशोब फार देखणा दिसत होता: 100 ग्रॅम बटरमध्ये 700 च्या वर कॅलरी आणि तेवढ्याच बिनसाखरेच्या गरात 50 सुद्धा नाहीत. त्या भरात साखरेलाही कात्री लावली.

बटर फक्त चवीपुरतं असतं, हा माझा गैरसमज. ते ओव्हनमध्ये वितळतं, साखरही विरघळते आणि अंडं-मैदा घट्ट व्हायच्या आत गोळा सैलावून पसरतो. कुकीचा आकार या घाईतून येतो. गरात मात्र मुख्यतः पाणीच. ते ओट्स पिऊन टाकतात, फुगतात आणि ठाण मांडून बसतात. हाती आलं ते केकचं गरीब भावंड. वाईट नव्हतं, पण कुकी म्हणवत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बटर एक तृतीयांशच कमी केलं आणि गोळे पसरतील या आशेवर न राहता ओल्या चमच्याच्या पाठीने आधीच चपटे केले. साखर मात्र कमीच ठेवली, कारण मनुकाच निम्म्याहून जास्त साखर बाळगून असतात. वर दालचिनी घातली की जीभ उरलेलं गोड स्वतःच भरून काढते.

मनुकांचं मात्र लाडाने करावं लागतं. कोरड्या घातल्या तर आधीच तोळामासा असलेल्या पिठातला ओलावा शोषून घेतात आणि वर डोकावणाऱ्या करपून कडू होतात. म्हणून 10 मिनिटं गरम पाण्यात. सुरकुत्या सैल झाल्या, बोटाने दाबल्यावर मऊ लागल्या, की निथळून टिपून घ्यायच्या आणि जमेल तेवढ्या पिठाच्या पोटात ढकलायच्या. एखादी हट्टी तरीही वर येतेच.

180 अंशांवर 10 ते 12 मिनिटं. कडा सोनेरी आणि मध्य अजून कच्चट वाटत असतानाच ट्रे बाहेर काढायचा. जिवावर येतं, पण उरलेलं काम गरम ट्रे करतो. धीर न धरता दोन मिनिटं जास्त ठेवल्या, तर बटर कमी असल्यामुळे कुकी सरळ चामट होते. (बटर पेपर मात्र हवाच. त्यात बटर नसतं, म्हणजे हिशोबात धरायलाही नको.)

या खेपेच्या कुकीज पसरल्या. फार नाही, लाजत लाजत.

गराचा ओलावा रात्रभर गप्प बसत नाही, हे सकाळी डबा उघडल्यावर कळलं. कडांचा कुरकुरीतपणा गेला होता आणि कुकीज एकमेकींना बिलगल्या होत्या. एक उचलायला गेले, तर खालची तिच्यासकट वर आली. सुटतात का ते मी बघितलं. फार जोर लावला नाही. चहाबरोबर खाल्ल्या आणि कागदावर एक लिहिली.