सिंथ घ्यायचा तर आधी पार्सलचा रस्ता पाहा

पोळा झाला की जर्मनीत राहणाऱ्या वैदर्भीय माणसाला गावाकडून विचारणा सुरू होते: तिकडे सिंथ स्वस्त मिळतो म्हणतात, एखादा पाठवता का? सिंथ म्हणजे सिंथेसायझर, आवाज स्वतः घडवता येणारं इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्य. विचारणारे कोणी झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवणारे असतात, कोणी गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटीवर बसणारे, तर कोणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले. चांगलं वाद्य हवं ही इच्छा रास्तच आहे. पण सिंथ निवडताना आवाजाइतकाच विचार खोक्याच्या प्रवासाचा करावा लागतो. जर्मनीहून कुरखेड्याला किंवा धारणीला पार्सल करणं हा तर त्यातला सगळ्यात वाईट मार्ग.

परदेशातून आलेल्या भेटवस्तूंना असलेली कस्टमची सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढीच त्यातून वगळली. त्यामुळे खोक्यावर ‘भेट’ लिहून काही वाचत नाही. सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) आणि वर कुरियरचं क्लिअरन्सचं शुल्क भरावंच लागतं. माल सुटायला घेणाऱ्याची केवायसी लागते आणि खोक्यावरचं नाव कागदपत्रातल्या नावाशी जुळावं लागतं. आधारवर पूर्ण नाव असताना खोक्यावर ‘बाळूभाऊ’ असेल, तर पार्सल मुंबईत किंवा दिल्लीत अडकून पडतं. वॉरंटीचंही तसंच. जर्मनीतल्या ट्रेप्पेनडॉर्फचं टोमान हे वाद्यांचं मोठं दुकान ३ वर्षांची वॉरंटी देतं, पण तिचा फायदा घ्यायला वाद्य पुन्हा तिकडे पाठवावं लागेल.

एक मार्ग मात्र चांगला आहे. आईवडील किंवा नातेवाईक इकडे जर्मनीत फिरायला आले असतील तर त्यांनी वाद्य हातानं न्यावं. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्या माणसाला ५० युरोंपेक्षा जास्त बिलावरचा व्हॅट परत मिळू शकतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे. बिल आणि निर्यातीचा फॉर्म दुकानातूनच त्यांच्या पासपोर्टच्या नावानं घ्यायचा आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमचा शिक्का मारून घ्यायचा. बॅग आत गेल्यावर वस्तू दाखवता येत नाही, मग शिक्काही मिळत नाही. भारतात उतरल्यावर सवलतीच्या मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर कस्टमच्या लाल मार्गानं (शुल्क भरायच्या वस्तू असणाऱ्यांच्या) जाऊन बिल दाखवावं. कॉर्गचा मिनीलॉग एक्सडी ५० सेंटीमीटर रुंद आणि २.८ किलोचा आहे, म्हणजे ५५ × ४० × २३ सेंटीमीटरच्या केबिन बॅगेत बसतो. आर्टुरियाचा मिनीफ्रीक ५७.८ सेंटीमीटरचा, तो त्या मापात बसत नाही.

आता वाद्याकडे. पॉलीफोनिक सिंथ, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर वाजवणारा सिंथ, हा तयार ठेके देणारा अरेंजर कीबोर्ड नव्हे. त्यात तबला-ढोलकीच्या ऱ्हिदम नसतात आणि बहुतेकांत स्पीकरही नसतो. लावणीचा ठेका बटणावर हवा असेल तर सिंथ घेऊच नका, पैसे वाया जातील. सिंथ घ्यायचा तो स्वतः घडवलेल्या आवाजासाठी: भुताच्या प्रवेशाचा भरीव पॅड (मागे लांब धरलेला आवाज), गवळणीतली बासरीसारखी शीळ, खलनायकाच्या एंट्रीचा खर्ज.

जाहिरातीतला ‘व्हॉइस’चा आकडा, म्हणजे एकाच वेळी किती सूर वाजू शकतात तो, नीट वाचा. मिनीलॉग एक्सडीला ४ व्हॉइस आणि ३७ बारीक कीज आहेत, मिनीफ्रीकला ६ व्हॉइस आणि तेवढ्याच बारीक कीज. बेरिंगरच्या डीपमाइंड १२ ला १२ व्हॉइस आणि पूर्ण आकाराच्या ४९ कीज. डाव्या हातानं सा-प-सा धरला की ४ पैकी ३ व्हॉइस संपले. उजव्या हातानं चाल वाजवताना रिलीज (की सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) लांब ठेवला असेल तर सोडलेला सूरही आपला व्हॉइस धरून बसतो. पुढचा सूर दाबला की सिंथ कुठला तरी जुना सूर तोडून त्याचा व्हॉइस नव्याला देतो, आणि कित्येकदा तुटतो तो नेमका खालचा षड्ज. भजनात हे लगेच कानाला खटकतं. म्हणून आधार धरून वाजवणाऱ्यानं ६ च्या खाली जाऊ नये, ८ ते १२ असतील तर उत्तम. ‘पॅराफोनिक’ लिहिलं असेल तर सावध राहा: सूर अनेक, पण आवाजाचा पोत घडवणारा फिल्टर सगळ्यांना मिळून एकच. पेटीवर बोट बसलेल्या हाताला बारीक कीज त्रास देतात, त्या आधी कुठे तरी वाजवून पाहाव्यात. आणि सिंथमध्ये ट्रान्सपोज (पट्टी सरकवण्याची सोय) सहज मिळतो का ते बघा. बोटं पांढरी एकवर बसली असतील आणि गायकाची पट्टी काळी दोन असेल, तर +३, म्हणजे तीन अर्धस्वर वर.

हातानं आणणारं कोणी नसेल तर खरेदी भारतातच, जीएसटी बिलासह. नागपूरला जाऊन दुकानातून वाजवून घेता आला तर पार्सलचा प्रश्नच मिटतो. ऑनलाइन घ्यायचा असेल तर खरं काम पत्त्यापासून सुरू होतं.

वेबसाइट फक्त पिन कोड तपासते. एका पिनमध्ये तालुक्याचं गाव आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरची खेडी एकत्र असू शकतात, त्यामुळे ‘डिलिव्हरी उपलब्ध’ असं दिसलं तरी कुरियरचा पोरगा तालुक्याच्या पुढे येईलच असं नाही. त्यांच्या भाषेत असं गाव ‘ओडीए’, म्हणजे डिलिव्हरीच्या टापूबाहेरचं. मग फोन येतो, “भाऊ, पार्सल आहे तुमचं, फाट्यावर येता का?” फोन लागला नाही, रेंज नसली, की नोंद होते ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’. अशा साधारण तीन नोंदी झाल्या की खोकं परत दुकानाकडे. पत्त्यात गावापुढे बु. की खु. ते लिहा. सावरगाव, पिंपळगाव, वडगाव या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, म्हणून तालुका आणि जिल्हा दोन्ही हवेत. दोन मोबाइल नंबर द्या, त्यातला एक तालुक्यात राहणाऱ्या माणसाचा.

जर्मनीत हा त्रास नाही असं समजू नका. ड्रायव्हर वर न येताच ‘घरी कोणी नव्हतं’ अशी चिठ्ठी टाकून जातो, खोकं कुठल्या तरी शेजाऱ्याकडे सापडतं. डीएचएल या पार्सल कंपनीच्या पॅकस्टेशनमध्ये, म्हणजे आपलं पार्सल आपणच काढून घ्यायच्या कपाटात, ७५ × ६० × ४० सेंटीमीटरपर्यंतचंच खोकं मावतं, ४९ कीजचा सिंथ त्यात जात नाही. म्हणून इथले वाजवणारे मोठं वाद्य थेट शाखेच्या पत्त्यावर मागवतात आणि ओळखपत्र दाखवून आणतात. गावाकडेही हीच रीत चालवावी. खोकं गावात येण्याची वाट न पाहता ट्रॅकिंगवर तालुक्याच्या हबचं (कुरियरच्या केंद्राचं) नाव दिसलं की त्याच दिवशी फोन करून ‘मी घ्यायला येतो, ठेवा’ सांगायचं आणि स्वतः जायचं. त्याहून बरं म्हणजे दुकानदारानं स्पीड पोस्टनं पाठवणं. पोस्ट खेड्यापर्यंत पोचतं. मोठं खोकं ग्रामीण डाकसेवक सायकलवर आणू शकत नाही, ते वरच्या पोस्टात राहतं, म्हणून पोस्टमास्तरांना आधीच सांगून ठेवावं. नागपूरच्या दुकानातून घेतलं असेल तर ट्रॅव्हल्सच्या गाडीनं किंवा एसटीच्या पार्सलनं मागवा. पावती आणि गाडीचा नंबर हातात ठेवा, गाडी येण्याच्या वेळी स्टँडवर हजर राहा.

वेळही निवडावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. दसरा-दिवाळीत गोदामं तुंबतात. मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीत खोकं दिवसभर भाजतं. मंडईपासून, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांपासून, नाटकं सुरू होतात, म्हणून पाऊस ओसरल्यावर आणि दसऱ्याच्या आधी ऑर्डर करणं सगळ्यात सोयीचं.

खोकं हातात आल्यावर ओटीपी लगेच देऊ नका. आधी सहाही बाजू, टेप आणि लेबल पाहा. ओटीपी दिला म्हणजे ‘मिळालं’ असं मान्य केलं. शक्य असेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर खोकं तोला आणि ते वजन वाद्याच्या वजनाशी ताडा, लेबलवरच्या आकड्याशी नाही. लेबलवर बहुधा आकारमानाचं वजन असतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ६० × ४० × २० सेंटीमीटरचं खोकं आत हलकं वाद्य असलं तरी ९.६ किलोचं धरलं जातं. उघडताना लेबलपासून शेवटच्या पिशवीपर्यंत एकच अखंड व्हिडिओ काढा. खोकं आणि फोम परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका.

वाद्य लगेच चालू करू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, कारण खोकं पालथं आपटलं तर मार नॉबच्या दांड्यावर बसतो आणि आतला पॉट (नॉबखालचा फिरता भाग) वाकतो. रिलीज लांब ठेवून एकच की सावकाश, जितके व्हॉइस तितक्यांदा दाबा. बहुतेक सिंथ आळीपाळीनं एकेक व्हॉइस वापरतात, त्यामुळे एखादा मेलेला असेल तर तेवढ्या पाळीला आवाज येणार नाही किंवा वेगळा येईल. हे त्याच दिवशी करा, बदलून घेण्याची मुदत थोडी असते.

अडॅप्टर सोबतचाच वापरा. बाजारातल्या गिटार पेडलच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये मधली पिन बहुधा ऋण असते, सिंथला उलट हवी असू शकते. मागे छापलेलं चिन्ह पाहा. शेतीच्या पंपांमुळे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि मांडवात अर्थिंग खरंच आहे का ते मिक्सर जोडण्याआधी तपासून घ्या. ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, तापमानासोबत सुरातून सरकतात. डिसेंबरच्या रात्री उघड्या मांडवात नाटक सुरू होताना आणि पहाटे यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. सुरुवातीला पंधरा मिनिटं आधी चालू करून ऑटो-ट्यून करा (सिंथ स्वतःचे सूर स्वतः जुळवून घेतो ती सोय), मध्यंतरात पुन्हा एकदा.

पार्सल हरवलं किंवा फुटलं तर तक्रार विक्रेत्याकडे लेखी करा, कुरियरशी भांडत बसू नका. पैसे विक्रेत्यानं घेतलेत. खोटी ‘नॉट अव्हेलेबल’ नोंद असेल तर त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, विक्रेता बंगळूरचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही.